भुंडे कान

१

पहाटे गाणंबाई गेल्या, आणि अंगावरची चादर पुरती सारखी व्हायच्या आतच त्यांच्या कानांतले मोती गेल्याचा बोभाटा झाला.

गाणंबाई म्हणजे त्या वृद्धनिवासातल्या सगळ्यांत जुन्या. जन्मभर शाळेत मुलांना गाणं शिकवलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. उरली एक भाची, तीही वर्षाकाठी तोंड दाखवणारी. बाईंचा एकच दागिना, टपोऱ्या मोत्यांचे डूल. त्यांच्या फिरक्या इतक्या गच्च बसल्या होत्या, की मागे एकदा डोक्याचा फोटो काढायच्या वेळी दवाखान्यातल्या लोकांनी हात टेकले आणि डूल तसेच राहू दिले. शेवटच्या दुखण्यात वाचा गेली. थंडी वाजायची म्हणून डोक्याला कानटोपी आली. पण शुद्ध शाबूत होती आणि हाताने ताल धरणं सुटलं नव्हतं.

भाची आली, पदर डोळ्यांना लावला, मावशीचे केस सारखे करावेत म्हणून कानटोपी काढली आणि किंचाळलीच.

"कान भुंडे! माझ्या मावशीचे कान भुंडे! अहो, मेल्या माणसाच्या अंगावरचं ओरबाडलं! कसली माणसं ठेवता हो तुम्ही कामाला?"

प्रश्न सगळ्यांना होता, पण नजर एकीवरच होती. रात्रपाळीची सेविका दाराशी उभी होती. तरुण, रुंद कपाळाची, तांबूस केसांची. चालणं-बसणं काठीसारखं सरळ, म्हणून म्हातारे तिला कौतुकाने 'ताठी' म्हणत. चेहऱ्यावरूनच कळे, ही पल्याडची.

पल्याडचे म्हणजे खाडीच्या पलीकडून आलेले लोक. कोणाचे आजोबा आले, कोणाचे बाप. पण दोन पिढ्या इथे मुरल्या तरी ते पल्याडचेच. त्यातून नुकतंच त्यांच्यातल्या तिघांनी एक सराफी दुकान फोडलं होतं आणि म्हातारा राखणदार त्यात जिवानिशी गेला होता. तेव्हापासून गावात पल्याडचा चेहरा दिसला की बायका पर्स काखेत घट्ट धरत.

ताठीची झडती घेतली, पेटी उघडली. काही सापडलं नाही.

"सापडेल कसं?" भाची म्हणाली. "यांचं सगळं हातोहात असतं."

२

निवासाच्या अध्यक्षांना पोलीस नको होते; निवासाची अब्रू जाते. म्हणून त्यांनी फौजदारीणबाईंना बोलावलं. बाई पोलिसांतून निवृत्त झाल्या होत्या, पण हे नाव काही त्यांना सोडत नव्हतं. नोकरीत असताना त्या आरोपीवर कधी ओरडल्या नाहीत; समोर बसून शांतपणे ऐकत राहायच्या, आणि समोरचाच घाबरून नको ते बोलून जायचा.

अध्यक्ष जुने डॉक्टर, भला माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि घसा साफ केला.

"तुम्हालाच का बोलावलं, ते स्पष्टच सांगतो. ती मुलगी धड उत्तर देत नाही. तुम्ही पडला... म्हणजे, तुमच्यातलीच ती. तुमच्याजवळ बोलेल. शिवाय तुमचं तसं नाही. तुमच्याकडे बघून कोणी म्हणणारसुद्धा नाही की तुम्ही पल्याडच्या आहात!"

फौजदारीणबाई हसल्या. हे वाक्य त्यांनी उभ्या नोकरीत इतक्यांदा ऐकलं होतं, की हसू आपोआपच यायचं. आजही आलं. पण या वेळी ते ओठांवरच अडकून राहिलं आणि चहाचा घोट घेतल्याशिवाय काही जाईना. आपण केस काळे करतो ते वयामुळे की तांबूसपणामुळे, असा एक भलताच विचार मनात डोकावला. त्यांनी तो हाकलला.

"मोती शेवटचे कोणी पाहिले?" त्यांनी विचारलं.

"मेट्रनबाईंनी. रात्री जेवणानंतरच्या फेरीत. त्यानंतर खोलीत गेली ती फक्त ही मुलगी. पहाटे बाई गेल्या, हिनेच सांगितलं. आता तुम्हीच सांगा, आणखी काय पुरावा हवा? अहो, शितावरून भाताची परीक्षा!"

३

ताठी कपड्यांच्या खोलीत धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. तिला घरी जाऊ दिलं नव्हतं, तर काम का टाकायचं, असा तिचा हिशेब असावा.

"बस," फौजदारीणबाई म्हणाल्या. मग आवाज उतरवून खाडीपलीकडच्या बोलीत त्यांनी तिच्या घरच्यांची विचारपूस केली. ही बोली त्या घराबाहेर कधीच बोलत नसत. आज गळ म्हणून वापरली.

ताठीने घडी पूर्ण केली. उत्तर साध्या, सगळ्यांच्या भाषेत दिलं. "घरचे बरे आहेत. तुम्ही चौकशीला आला आहात ना?"

"हो. तू अध्यक्षांना उत्तर का दिलं नाहीस?"

"त्यांनी मला मोत्यांचं विचारलंच नाही. पहिला प्रश्न केला, सराफाकडच्या त्या तिघांना तू ओळखतेस का? दुसरा, तुमच्यात मेल्या माणसाच्या अंगावरचं काढायची रीत आहे का? म्हटलं, मी काय केलं ते विचाराल तेव्हा सांगेन. बाकीच्यांचं मी कशाला सांगू? त्यांनी चोरी केली ती मला विचारून केली का?"

"म्हणून अशी गप्प बसलीस? याने संशय वाढतो, कळतं ना?"

"ते म्हणाले, शितावरून भाताची परीक्षा. मी सांगितलं, साहेब, भात एका पातेल्यात शिजतो. माणसं तशी नसतात. तर म्हणाले, उलट बोलते."

फौजदारीणबाईंना हसू आलं आणि त्याच वेळी राग. ही पोर अशी ताठ मानेने उभी आहे, आणि आपण? त्यांनी कामाकडे मोर्चा वळवला.

"बरं, मी विचारते. तू काय केलंस?"

आता ताठी बसली. "मी सुट्टीवर होते. काल रात्रीच परतले. पाळीवर आले तेव्हा बाई झोपल्या होत्या, डोक्याला कानटोपी. मी पाय चेपले, तोंड ओलं केलं. पहाटे श्वास बदलला तेव्हा हात धरून बसले. टोपी काढलीच नाही. कानांकडे माझं लक्षही गेलं नाही."

"रात्रभर टोपी होती?"

"हो. भाचीने काढेपर्यंत."

फौजदारीणबाई उठता उठता थांबल्या. मेट्रनबाईंनी मोती पाहिले होते ते रात्रीच्या फेरीत. कानटोपीतून?

४

गाणंबाईंची खोली बंद ठेवली होती. फौजदारीणबाईंनी आधी कान पाहिले. ओरबाडलं असतं तर खुणा राहिल्या असत्या. इथे साधा ओरखडा नव्हता. वर्षानुवर्षं न फिरलेल्या फिरक्या कोणीतरी सावकाश, मायेने सोडवल्या होत्या. तेलाशिवाय ते होणं शक्यच नव्हतं. आणि तेल म्हटलं की ओघळणार.

त्यांनी उशी उचलून उजेडात धरली. पांढरा स्वच्छ अभ्रा. एक डाग नाही.

निवासाचे कपडे धुणाऱ्या गड्याला सगळे 'परीटकाका' म्हणत. तो मशीनशी भांडत होता.

"चादरी? त्या कालच संध्याकाळी बदलल्या की. मीच नेल्या. आणि बाई, तुम्ही आल्याच आहात तर अध्यक्षांना सांगा, लोक उशीवर काय काय सांडतात आणि शिव्या मला! हा बघा." त्याने बाजूला टाकलेला एक अभ्रा पुढे केला. कोपऱ्यावर दोऱ्याने काढलेला खोलीचा आकडा गाणंबाईंचाच होता.

अभ्र्यावर दोन पिवळट डाग होते. एक डावीकडे, एक उजवीकडे. माणूस आधी एका कुशीवर आणि मग दुसऱ्या कुशीवर निजवला तर कान जिथे येतील, नेमके तिथे. फौजदारीणबाईंनी वास घेतला. शिवणयंत्रात घालतात ते तेल.

"हा तुम्ही स्वतः काढलात?"

"नाही. मेट्रनबाईंनी काढून हातात दिला. बाईंना कुशीवर घ्यायला त्याच होत्या ना. मी आलो तेव्हा कानटोपी चढवून झाली होती."

फौजदारीणबाई पायरीवर टेकल्या. मोती गेले ते काल संध्याकाळी चादरी बदलायच्या आधी. तेव्हा गाणंबाई जिवंत होत्या. तेव्हा भाची गावात नव्हती, ताठी सुट्टीवरून आली नव्हती. आणि जिने मोती त्यानंतर चमकताना पाहिल्याची साक्ष दिली, तिच्याच हातून अभ्रा बाहेर आला होता.

मेट्रनबाई. केस घट्ट बांधून पांढऱ्या टोपीखाली ठेवणाऱ्या, शब्द तोलून बोलणाऱ्या मेट्रनबाई. त्याही पल्याडच्याच.

खरं तर कोडं सुटलं की बाईंना आनंद व्हायचा. आज मात्र मनात पहिला विचार आला तो असा: देवा, ही आपल्यातली नसती तर!

५

मेट्रनबाईंची खोली लहानशी होती. खिडकीशी शिवणयंत्र. म्हाताऱ्यांची उसवलेली कापडं त्या स्वतः शिवत. फौजदारीणबाईंनी अभ्रा यंत्रावर पसरला आणि नेहमीप्रमाणे गप्प बसून राहिल्या.

मेट्रनबाईंनी बराच वेळ त्या डागांकडे पाहिलं. मग कपाट उघडून कापसात गुंडाळलेले डूल काढले आणि अभ्र्यावर ठेवले.

"चोरले नाहीत, ताई. दिले त्यांनी. काल दुपारी बाईंनी स्वतःच्या कानाला हात लावला, मग माझ्या हाताला. दोनदा. बोलता येत नव्हतं त्यांना. मी नको म्हटलं, तर रडायला लागल्या. म्हणून तेल घालून काढले. इतकी वर्षं त्यांची न्हाणीधुणी केली मी. भाचीला त्यांच्या औषधाचं नाव माहीत नाही."

"मग तेव्हाच अध्यक्षांना सांगायचं होतं."

"आणि त्यांनी विश्वास ठेवला असता? सराफाची भानगड ताजी. मुकी म्हातारी, कानांतले मोती, आणि पल्याडची बाई म्हणतेय, मला दिले. त्यांचं सोडा. तुम्ही ठेवला असतात?"

फौजदारीणबाईंनी तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना. नसता ठेवला. इतरांपेक्षा जरा जास्तच खोदून विचारलं असतं, कारण आपण आपल्या माणसांना पाठीशी घालत नाही हे दाखवायची संधी त्यांनी कधी सोडली नव्हती.

"पण त्या पोरीवर ढकललंत," त्या हळूच म्हणाल्या.

"मी तिचं नाव घेतलं नाही! मी फक्त म्हटलं, फेरीत पाहिले होते. भाची ओरडायला लागली, सगळे माझ्याकडे बघायला लागले, तोंडातून निघून गेलं. पुढचं त्यांनीच जुळवलं. ताई, माझ्याआधी आपल्यातली एकही बाई या खुर्चीवर बसली नव्हती. मी गेले तर पुन्हा कोणी बसणारही नाही. वर्तमानपत्रात येईल, तिघे दरोडेखोर आणि ही चौथी. सुक्याबरोबर ओलं जळेल. पोरगी तरुण आहे. तिला दुसरीकडे कुठेही काम मिळेल. तुम्ही नुसतं म्हणा, तपास लागला नाही."

आणि फौजदारीणबाईंनी ते ऐकून घेतलं. इतकंच नाही, डूल बाजूला सरकवून अभ्र्याची घडी केली आणि पिशवीत टाकली.

६

ताठीला त्यांनी मागच्या अंगणात गाठलं. दोरीवरच्या चादरी वाऱ्याने फडफडत होत्या. फौजदारीणबाईंनी वाक्यं मनात घोळवून आणली होती. तोंडातून बाहेर पडताना त्यांना स्वतःलाच ती ओळखीची वाटेनात.

"तू चोरी केली नाहीस, हे मला कळलंय. ते सिद्धही करता येईल. पण त्यात आपल्यातल्याच एका बाईचं नाव येतं. सध्याचे दिवस कसे आहेत, तू बघतेसच. तू आपणहून काम सोडलंस तर प्रकरण इथेच मिटेल. मी तुला दुसरीकडे लावून देते. थोडं सोस. आपल्या माणसांसाठी."

ताठीला नाव विचारावं लागलं नाही.

"मेट्रनबाई," ती म्हणाली. "त्यांनीच मला काम शिकवलं."

"त्या म्हणतात, बाईंनी दिले."

"दिलेही असतील. बाईंचा जीव होता त्यांच्यावर. मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं, की कोणी विश्वास ठेवणार नाही. त्याचं मला काही नाही. पण मी काय केलंय? अध्यक्ष म्हणतात, तुमच्यातल्या तिघांनी केलं म्हणून तू भर. तुम्ही म्हणता, आपल्यातल्या एकीने केलं म्हणून तू भर. मला दोन्हींत फरक दिसत नाही."

"फरक आहे, पोरी. मी तुझ्या बाजूने..."

"माझ्या बाजूने नाही. आपल्या माणसांच्या बाजूने. मी एक माणूस आहे, बाई. चोरांची लाज मी वाहणार नाही, आणि मेट्रनबाईंची अब्रूही वाहणार नाही. ज्याचं त्याने उचलावं."

फौजदारीणबाईंचे कान तापले. आयुष्यात अनेकांनी त्यांना शिव्या दिल्या होत्या, एकाने तर अंगावर खुर्ची फेकली होती. पण असं मान खाली घालायला कोणी लावलं नव्हतं. त्यांना एकाएकी कळलं, की आपण या मुलीशी पहिल्यापासून एकदाही तिच्यापुरतं बोललोच नाही. आधी गळ टाकला, मग गळ घातली.

पिशवीतला अभ्रा जड वाटू लागला. "चल," त्या म्हणाल्या. "वर चल माझ्याबरोबर."

वाटेत त्या एकदा मेट्रनबाईंच्या दारावर थांबल्या. "मी सांगायला चालले आहे. तुम्ही आधी सांगितलंत तर बरं दिसेल." मेट्रनबाईंनी डूल पुन्हा कापसात गुंडाळून घेतले. मग टोपी सारखी केली आणि त्या मागोमाग आल्या.

७

अध्यक्षांच्या खोलीत भाची होतीच. फौजदारीणबाईंनी अभ्रा टेबलावर उलगडला. शाबूत कान, तेलाचे डाग, संध्याकाळी बदललेल्या चादरी, रात्रभर न निघालेली कानटोपी, सगळं ओळीने मांडलं. मेट्रनबाईंनी डूल ठेवले आणि खाली बघत, पण एकही शब्द न गाळता, आपलं सांगितलं. खोटं बोलले तेही सांगितलं.

"दिले म्हणे!" भाची फिस्कारली. "म्हणजे शेवटी निघालं ते यांच्यातूनच. एकाच माळेचे मणी!"

"मोती त्यांना दिले की नाही, हे मला ठरवता येणार नाही," फौजदारीणबाई म्हणाल्या. "त्या दुपारी खोलीत दोघीच होत्या, आणि एक आता नाही. पण खोटी साक्ष दिली ती या बाईंनी. एकट्या यांनी. आणि ती दडपायला मघाशी मी तयार झाले होते. एकटी मी. या दोहोंशी या मुलीचा संबंध नाही."

अध्यक्षांनी चष्मा काढला. भाचीला डूल देऊन त्यांनी बाहेर पाठवलं, मेट्रनबाईंना उद्यापासून घरी थांबायला सांगितलं. पुढचं समिती ठरवील. मेट्रनबाई जाताना ताठीपुढे थांबल्या. ओठ हलले. ताठीने मान हलवली; हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

मग अध्यक्ष खुर्चीत रेलले. सुटल्यासारखे, जरा ओशाळलेही.

"वाईट झालं. पण एक सांगतो, बाळ, तुझ्यामुळे आज माझं मत बदललं. तुमच्यातही किती प्रामाणिक माणसं असतात! मी तुम्हा लोकांची माफी मागतो."

फौजदारीणबाईंच्या ओठांवर ते जुनं हसू यायला लागलं. त्यांनी ते दातांखाली दाबून धरलं.

"लोकांची नको, साहेब," ताठी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्यावरून त्यांना चांगलंही ठरवू नका. उद्या कोणी एकाने काही केलं की तुमचं मत पुन्हा बदलेल, आणि मी पुन्हा दाराशी उभी. पेटी माझी उघडलीत. माफी माझी मागा. एकटीची."

लोकांची माफी अध्यक्षांनी बसल्या बसल्या मागितली होती. आता ते टेबलाला धरून कष्टाने उठले, चष्मा हातातच राहिला, आणि ताठीसमोर येऊन उभे राहिल्यावर त्यांना पहिला शब्द सापडेना.

ताठी थांबली. तिला कसलीच घाई नव्हती.